३५ का ८५? गावाकडच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंसाठी एकच लेन्स घ्यायची असंल तर

हे आकडे लेन्सच्या मिलिमीटरचे: ३५ मधी रुंद दिसतं, ८५ लांबचं जवळ आणते. बजेट एकाच लेन्सचं असलं की सगळे ८५ कडं वळतात, कारण मागचं मस्त ब्लर होतं. कलरमधी ते भारीच दिसतं, हिरव्या तुरीत लाल लुगड्यातली बाई लांबून उठून दिसते. आता त्यातनं रंग काढून बघा. लाल आन हिरवा जवळपास एकाच ग्रेमधी जातात, मग तूर कितीबी ब्लर करा, बाई तिच्यातच मुरते. लाल कंधारी बैल काळ्या रानात उभा केला तरी तेच (देवणी जातीचं बरंय, पांढऱ्या अंगावर काळे डाग, कुठंबी उभी करा). रॉमधी (कॅमेऱ्याची कच्ची फाइल, तिच्यात रंग शाबूत राहतात) काढलं असंल तर नंतर लालचा स्लायडर वर नेऊन लुगडं उजळवता येतं, पण लई ओढलं की फोटो फाटल्यासारखा दिसतो.

३५ ला जवळ जावंच लागतं, आन जवळ जाऊन गुडघ्यावर बसलं की माणूस तुरीच्या वर निघतो, मागं सरळ आभाळ. आपलं रान सपाट, उभ्याउभ्या फोटो काढला की क्षितिजाची रेघ बरोबर समोरच्याच्या डोक्यातनं जाते, बसलं की तीच कमरेला येते. ऊसतोडीच्या टोळीत तर पुढं कोयता, मधी मोळी बांधणारी बाई, मागं कोप्या (मजुरांच्या झोपड्या), हे सगळं एका फ्रेममधी ३५ च घेते. त्रास एवढाच की कडेला लाइटचा डांब नाहीतर कुणाची तरी मोटारसायकल घुसतीच, आन कोपऱ्यातला चेहरा ताणला जातो. आधी रामराम, चहा, मग कॅमेरा, हे पण आलंच.

८५ वाईट नाही. नांदेडकडच्या माळेगावच्या जत्रेत घोड्यांच्या गर्दीत जवळ जायला जागाच नसती, किंवा ओसरीत बसलेल्या म्हातारीचा नुसता चेहरा आन हात पाहिजेत, तिथं तीच.

५० चं म्हणाल तर फ्रेंच फोटोग्राफर कार्टिए-ब्रेसाँनी बहुतेक काम त्याच्यावरच केलं, पण आपल्याला ते मधलंच वाटतं. माझं मत ३५.

क्रॉप सेन्सरवर (म्हंजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, त्यात लेन्स जरा लांबची वाटते) १८-५५ किट लेन्स, कॅमेऱ्यासोबत येते ती, असंल तर आत्ता काहीच घेऊ नका. एक बाजाराचा दिवस २४ वर काढा, म्हंजे ३५ सारखं, दुसरा ५५ वर, ते ८५ च्या जवळ जातं. ५५ च्या फोटोत माणसाच्या मागं गाव दिसत नसंल आन तुम्हाला त्याचं काहीच वाटत नसंल, तर ८५ घ्या बिनधास्त.