ॲप्साची वर्गणी: आठ वर्षं भरल्यानंतरचा हिशोब

नूतनीकरणाची मेल आली की नवरा विचारतो, "यंदा पण?" मी म्हणते, "बघू." आणि दोन दिवसांनी भरून टाकते. यंदा मात्र ठरवलं, भरण्याआधी हिशोब मांडायचा. कुणाला उपयोग झाला तर झाला.

ॲप्सा म्हणजे अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशन. १९०३ साली न्यू ऑर्लीन्सच्या टुलेन विद्यापीठात स्थापन झालेली, वॉशिंग्टनमध्ये ड्यूपाँ सर्कलजवळ कचेरी असलेली, राज्यशास्त्राच्या प्राध्यापक-संशोधकांची अमेरिकेतली सर्वांत मोठी संघटना. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन आधी हिचे अध्यक्ष होते. आणि मी कोण? न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं स्थानिक कॉलेज) दर सत्राला पाच वर्ग घेणारी, मूळची कराडकडची. हे आधी सांगते, कारण मोठ्या विद्यापीठातला माणूस हाच हिशोब मांडेल तर बेरीज वेगळी येईल.

वर्गणीपासूनच सुरुवात करू. ती उत्पन्नाप्रमाणे टप्प्याटप्प्यानं वाढते. विद्यार्थ्यांना कमी, गलेलठ्ठ पगारवाल्यांना जास्त. ही पद्धत मला पटते. आमच्याकडं लग्नाच्या आहेरालाही हाच नियम असतो, फक्त तो लिहून ठेवलेला नसतो. पण ती मूळ वर्गणी झाली. आत गेलं की 'सेक्शन' नावाच्या उपशाखा आहेत, पन्नासच्या वर, आणि जवळपास प्रत्येकीचे पैसे वेगळे. पहिल्या वर्षी मी हौसेनं चार घेतल्या. आता एकच ठेवलीय, राज्यशास्त्राच्या अध्यापनाची. परिषदेच्या नोंदणीचे पैसे पुन्हा निराळे. वर्गणी भरली म्हणजे परिषदेत प्रवेश फुकट अशी नवख्यांची समजूत असते. माझीही होती.

बदल्यात मिळतं काय? नियतकालिकं. १९०६पासून निघणारं 'अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू' हे या विषयातलं सोनं. त्यात एक लेख छापून आला की नोकरी पक्की होते म्हणतात. मी ते किती वाचते? खरं सांगायचं तर सारांश. समीकरणं सुरू झाली की माझा चहा उकळायला लागतो. मला कामाला येतं ते 'पीएस'. १९६८पासून निघतं, त्यात वर्गात काय चाललं नाही, नोकरीच्या बाजारात काय होतंय, निवडणुकांचे अंदाज कसे बांधतात, असं माणसांत बसून वाचता येण्यासारखं असतं. अध्यापनावरचं एक वेगळं नियतकालिकही आहे. त्यातून उचललेला एक खेळ, वर्गालाच सिनेट करून विधेयक अडवायला लावायचा, मी गेली चार वर्षं वापरतेय. पोरं इतकी अडवतात की विधेयक कधी पास होत नाही. म्हणजे खेळ अगदी खऱ्यासारखा आहे.

संधींच्या बाबतीत मात्र या संस्थेला पैकीच्या पैकी द्यावेसे वाटतात. १९५३पासून काँग्रेशनल फेलोशिप चालू आहे: राज्यशास्त्रज्ञाला, पत्रकाराला उचलून काही महिने थेट खासदाराच्या कचेरीत कामाला लावायचं. डिक चेनी (पुढं अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला तोच) नावाचा वायोमिंगचा एक तरुण १९६८ साली याच फेलोशिपवर वॉशिंग्टनला आला आणि नंतर बरीच वर्षं हललाच नाही. (याला संस्थेचं यश म्हणायचं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं.) दुसरी म्हणजे राल्फ बंच समर इन्स्टिट्यूट. १९८६पासून सुरू असलेलं पाच आठवड्यांचं उन्हाळी शिबिर, ज्या समाजगटांतून या विषयात फार कमी जण पीएचडीपर्यंत पोचतात त्यांच्यातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी. बंच हे नोबेल शांतता पारितोषिक मिळवणारे, ॲप्साचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आई रात्रपाळीत ऑफिसं झाडणारी, आमच्याकडून चार वर्षांच्या विद्यापीठात गेली आणि तिथून या शिबिराला. पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला, "प्रोफेसर, इथं सगळं संख्याशास्त्रच आहे, मी परत येते." मी म्हटलं, "आणखी एक आठवडा थांब." थांबली. आज ती पीएचडी करतेय आणि मला न कळणारी समीकरणं लिहितेय. हे एकच उदाहरण धरलं तरी माझी आठ वर्षांची वर्गणी वसूल झाली.

वार्षिक परिषद अमेरिकेतल्या श्रमदिनाच्या, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीच्या, आसपास भरते, दर वर्षी वेगळ्या शहरात. मला परवडली ती २०२४ची, कारण ती फिलाडेल्फियाला होती. मेट्रोपार्कला गाडी धरायची, ट्रेंटनला सेप्टाच्या लोकलमध्ये बसायचं, जेफरसन स्टेशनला उतरलं की कन्व्हेन्शन सेंटर शेजारीच. परिषदेच्या हॉटेलात एक रात्र राहायचं भाडं ऐकून मी डबा घेऊन रोज येऊन-जाऊन केलं. दुपारी रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये डब्यातली मेथीची पोळी आणि आमिश बायकांच्या स्टॉलवरचं गरम प्रेट्झेल. परिषदेतलं माझं सर्वांत चांगलं जेवण तेच.

पॅनेलांचं म्हणाल तर नशिबाचा खेळ. एकाच वेळी कित्येक खोल्यांत चर्चा चालू असतात. एका खोलीत नामवंत आहे म्हणून दारापर्यंत लोक उभे, शेजारच्या खोलीत व्यासपीठावर पाच आणि खाली चार. त्या चारांत मी असले की बोलणाऱ्यापेक्षा मलाच जास्त अवघडल्यासारखं होतं, उठून जाताही येत नाही. माझा सल्ला: पहिल्या दिवशीचे छोटे अभ्यासवर्ग घ्या, आणि पुस्तकांच्या दालनात शेवटच्या दिवशी जा. प्रकाशकांना खोकी परत न्यायचा कंटाळा असतो. मी सहा पुस्तकं जेमतेम दोनाच्या किमतीत आणली. निव्वळ शिकवणाऱ्यांना मात्र या जत्रेपेक्षा फेब्रुवारीच्या आसपास होणारं अध्यापनाचं संमेलन बरं. तिथं "तुमचं संशोधन कशावर?" हा प्रश्न ओळखीच्या पहिल्या मिनिटाला येत नाही.

आता कारभार. खरं तर मला यावरच लिहायचं होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, चाळीस वर्षं सहकारी साखर कारखान्याचे सभासद आहेत. लहानपणी त्यांच्यासोबत मी वार्षिक सर्वसाधारण सभेला जायची, मुख्यतः तिथं मिळणाऱ्या भज्यांसाठी. सभेत चेअरमन विषय वाचायचे, मंडपातून "मंजूर, मंजूर" असा गजर व्हायचा, आणि पुढचा विषय कशाचा हे कळायच्या आत तोही मंजूर. निवडणुकीला दोन पॅनेलं असली की गावात जीपा फिरायच्या, आणि निवडणूक बिनविरोध झाली की आबा घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणायचे, "वाटून घेतलं."

त्यामुळं ॲप्साच्या निवडणुकीची मेल पहिल्यांदा आली तेव्हा मी उत्साहानं उघडली. इतकी वर्षं लोकांना निवडणुका शिकवणाऱ्यांची निवडणूक, ती कशी नमुनेदार असेल! तर पद्धत अशी: एक नामांकन समिती असते, ती सभासदांकडून नावं मागवते आणि त्यातून पदाधिकारी व कौन्सिल (म्हणजे संस्थेचं संचालक मंडळ) यांच्यासाठी यादी ठरवते. सभासदांनी सह्या गोळा करून आणखी कुणाचं नाव पुढं केलं तरच लढत. नाही तर जागा तेवढीच नावं. मी आबांना फोनवर हे समजावून सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "अगं, मग मत कशाला मागत्यात?"

हा प्रश्न माझ्या आबांनाच पडलाय असं नाही. १९६७ साली तरुण, डाव्या विचारांच्या सभासदांनी वेगळा गट काढला, व्हिएतनाम पेटलेलं असताना आपली संघटना तटस्थपणाच्या नावाखाली गप्प का, म्हणून. पुढं २०००च्या ऑक्टोबरात 'मिस्टर पेरेस्त्रोइका' अशी सही असलेली एक निनावी ई-मेल फिरली. तक्रारी दोन होत्या: मुख्य नियतकालिकात आकडेमोड आणि गणिती प्रारूपं यांच्याशिवाय कुणाला जागा नाही, आणि लोकशाहीचा अभ्यास करणारी ही संस्था स्वतः लढतीविना चालते. शेकडो प्राध्यापक त्या बंडात सामील झाले. त्या धुराळ्यानंतर २००३ साली 'पर्स्पेक्टिव्हज ऑन पॉलिटिक्स' हे जास्त वाचनीय नियतकालिक निघालं. आणि २००३-०४ला अध्यक्ष झाल्या सुझॅन रुडॉल्फ, ज्यांनी पती लॉइड यांच्याबरोबर राजस्थानात वर्षानुवर्षं राहून भारताच्या राजकारणावर लिहिलं. पुण्यात एमएला आम्ही रुडॉल्फ दांपत्याच्या लेखनावर टिपणं काढली होती. २०१४ साली दोघांना पद्मभूषण मिळालं. बंडवाल्यांबद्दल सहानुभूती असलेली बाई त्याच संस्थेच्या खुर्चीत बसली, हे मला अध्यक्षांची यादी चाळताना कळलं तेव्हा इतकं बरं वाटलं, जसं काही आमच्या आळीतलंच कुणी निवडून आलं.

लढत मात्र तेव्हाही नेमाची झाली नाही. त्यामागचा युक्तिवाद मी आधी उडवून लावायची. आता लावत नाही. तो असा: खुली लढत ठेवली तर निवडून येणार कोण? ज्यांचं नाव सगळ्यांनी ऐकलंय ते. म्हणजे पुन्हा मोठी विद्यापीठं, मोठे विषय. समितीनं यादी केली तर तिला बाया, कृष्णवर्णीय, छोटी कॉलेजं, दुर्लक्षित उपविषय यांचा तोल मुद्दाम साधता येतो. लढतीत तो आपोआप साधत नाही. यावर मला आमच्या कारखान्याच्या जीपा आठवतात. खुल्या निवडणुकीत सामान्य ऊसवाल्याला तिकीट मिळताना मी कधी पाहिलं नाही. तिथं पॅनेल घरोब्यावर ठरायचं, इथं निदान समितीला विचारावं लागतं की दक्षिणेकडचं कुणी आहे का, शिकवणारं कुणी आहे का. आणि फरक पडलाही: २०२०मध्ये 'रिव्ह्यू'चं संपादन बारा जणींच्या चमूकडं गेलं. एके काळी ज्या नियतकालिकात बाईचं नाव शोधावं लागे, तिथं तेव्हा सगळ्याच बाया.

तरीपण मला वाटतं, दोन्ही करता येईल. तोल राखायला समितीनं एका जागेला दोन नावं द्यावीत, दोन्ही छोट्या कॉलेजातली. मग बघा आम्ही मत द्यायला येतो की नाही. आज अडचण अशी की ज्या निवडणुकीत हरणारं कुणी नाही तिथं उमेदवाराला सभासदांसमोर यावंच लागत नाही. दोन परिच्छेदांचं निवेदन वाचून मी मत देते, पण ते वाचताना प्रश्न विचारायची सोय नसते.

कारभारावरून खरी भांडणं होतात ती एका वेगळ्याच विषयावर: परिषद कुठं भरवायची. हसू नका. हॉटेलं वर्षानुवर्षं आधी ठरतात आणि जग मध्येच बदलतं. २०११ची सॅन फ्रान्सिस्कोची परिषद हॉटेल कामगारांच्या वादामुळं सिॲटलला नेली. २०१२ची न्यू ऑर्लीन्सला होती. लुइझियानाच्या समलिंगी विवाहबंदीमुळं तिथं जावं की नाही यावर काही वर्षं आधीपासून वाद, बहिष्काराची हाक, पत्रं, उत्तरं. शेवटी आयझॅक वादळ आलं आणि परिषदच रद्द झाली. २०१४ला वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्री हॉटेलला आग लागली आणि देशभरचे नामांकित राज्यशास्त्रज्ञ रात्रीच्या कपड्यांत फूटपाथवर. २०२३ला लॉस एंजेलिसमध्ये हॉटेल कामगारांच्या चळवळीच्या ऐन धामधुमीत परिषद आली आणि सभासदांत पुन्हा उभी फूट: कामगारांची बाजू घेऊन घरी बसायचं, की नोकरी शोधणाऱ्या पोरांची एकमेव संधी राखायची? त्या वर्षी मी गेले नाही. तत्त्व म्हणून नाही, विमानाचं तिकीट म्हणून. पण त्या पत्रापत्रीत कौन्सिलच्या लोकांना सभासदांना उत्तरं द्यावी लागली, आणि मतपत्रिकेनं जे आठ वर्षांत केलं नाही ते त्या महिन्यात झालं: कौन्सिलवर कोण कोण आहे हे मी शोधून वाचलं.

गुण द्यायचे तर संधींना पाचपैकी पाच. नियतकालिकांना साडेतीन, त्यातला दीड 'पीएस'चा. परिषदेला तीन, तुमच्या गावापासून लोकलनं जाता येत असेल तर चार. कारभाराला अडीच, त्यातला अर्धा कम्युनिटी कॉलेजवाल्यांसाठी आणि तासिकेवर शिकवणाऱ्यांसाठी स्वतंत्र समित्या नेमल्याबद्दल. पीएचडीचे विद्यार्थी असाल तर डोळे मिटून घ्या, स्वस्त आहे. पूर्णवेळ नोकरी नसेल आणि दोन-तीन कॉलेजांत धावपळ करत असाल तर सर्वांत खालचा टप्पा घ्या, सेक्शन एकही घेऊ नका, वर्षभर नियतकालिकं वाचा आणि मग ठरवा. भारतातून नुसतं नाव लावायला कुणी घेणार असेल तर राहू द्या.

मी यंदाही भरली. सोबत नामांकन समितीसाठी एक नावही पाठवलं, माझ्या शेजारच्या खोलीतल्या सहकारी बाईंचं. वीस वर्षं पाच-पाच वर्ग घेतायत. आबांना सांगितलं. ते म्हणाले, "सूचक तू. अनुमोदक कोण?"