घोड्यांची जागा ‘मुळासकट साफ’ करून देणारा ठेकेदार

ज्यांच्याकडे घोडे आहेत आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे घोडे मोकळे सोडायच्या कुंपणातल्या जागेत, रान माजलंय, त्यांनी सफाईवाल्याच्या हातावर शेवटचा हप्ता ठेवण्याआधी हे वाचावं. आमच्याकडून एकजण पूर्ण पैसे घेऊन गेला. जाताना जागा अगदी चकाचक दिसत होती, आणि पैसे त्याने त्या दिसण्यावरच वसूल केले.

जागेचा मागचा भाग बरीच वर्षं पडून होता. घाणेरी डोक्याच्या वर गेलेली, मधे मधे गाजर गवत, कुंपणाला लागून कोणे एके काळी लावलेली कण्हेर आणि गवतात गंजलेली तार. ठेकेदार बोलायला गोड. “मुळासकट काढतो ताई, वर वर्षभर देखभाल माझ्याकडे.” दर एकरावर, अर्धे पैसे आधी, उरलेले काम दाखवल्या दिवशी. मोजणी त्यानेच केली होती, बाहेरच्या कुंपणाने फिरून. म्हणजे तबेला, चाऱ्याची खोली, वाळूचं रिंगण, आतली वाट, सगळं धरून. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. नंतर मोबाइलवरचं मोजणीचं ॲप लावून नुसत्या झाडोऱ्याच्या कडेने चालले, तर आकडा बराच खाली आला. विचारल्यावर म्हणे, मशीन वळवायलाही जागा लागते! असो, पुढे जे झालं त्यामानाने हे किरकोळच.

ठरलं होतं मल्चर. आलं ट्रॅक्टरमागचं रोटरी कटर आणि सोबत ब्रश कटरवाली दोन पोरं. मल्चरने खोड जमिनीलगत भरडलं जातं. रोटरी वरचं कापते, जाड खोडं मात्र हातानेच तोडावी लागतात. ती त्यांनी तिरकी तोडली, वीतभर वर ठेवून, आणि वरून कापलेला पाला पसरून दिला. बघणाऱ्याला वाटावं गादी अंथरलीय. चालताना माझा बूट अडकला म्हणून दाताळं घेऊन पाला ओढला, तर खाली भाल्याच्या टोकासारखे खुंट, ओळीने. खुराच्या तळाशी जो मऊ त्रिकोणी भाग असतो, त्यात असं काही घुसलं तर बाहेरून भोक बारीक दिसतं. पण जखम खोल गेली की आतल्या सांध्यापर्यंत पू होऊ शकतो. घोडा कायमचा लंगडा होतो, कधी वाचतही नाही. तार तर उचललीच नव्हती. खरं तर मशीन घालायच्या आधीचं पहिलं काम ते. रोटरीने तिचे तुकडे करून चहूकडे उडवले, आणि पुढे कित्येक दिवस आम्ही चुंबकाची दांडी घेऊन ते वेचत होतो.

खुंटांवर औषध मारल्याचे पैसे वेगळे लावले होते. खुंटाला औषध लावायचं तर ताज्या कापावर, काही मिनिटांच्या आत, ब्रशने. काप वाळला की ते आत शिरत नाही. याने सरसकट पाल्यावरून फवारा मारला, लेबल नसलेल्या कॅनमधून. दुसऱ्या दिवशी उभं राहिलेलं तण करपलं आणि साहेबांनी कौतुकाने फोटो पाठवले. ग्लायफोसेटसारखं मुळापर्यंत जाणारं तणनाशक इतक्या लवकर परिणाम दाखवत नाही, चांगला आठवडा-दोन आठवडे घेतं. एका रात्रीत करपलं, म्हणजे फक्त पानं जाळणारं काहीतरी होतं. काय होतं ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. फवारलेल्या जागेत जनावर किती दिवस सोडायचं नाही, हे लेबलवर असतं. लेबलच नाही म्हटल्यावर आम्ही तो भाग अंदाजाने बंद ठेवला.

पण माझा खरा संताप कोपऱ्यातल्या ढिगाचा आहे. ‘माल उचलून नेण्याचे’ पैसे घेऊन त्याने थोडा नेला आणि बाकीचा कुंपणाला टेकवून ठेवला, पलीकडच्या घोड्यांची मान पोचेल इतका जवळ. त्यात कण्हेरीच्या फांद्या. हिरवी कण्हेर घोडा सहसा कडूपणामुळे टाळतो, तोडलेली सुकली की तोंड लावण्याचा धोका वाढतो, आणि वाळल्याने विष जात नाही. वजनाच्या सुमारे ०.००५ टक्के वाळलेली पानं जीवघेणी ठरू शकतात, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला जेमतेम २५ ग्रॅम. घोड्याला उलटीही होत नाही. पशुवैद्यांनी ढीग पाहिला, आधी घोडे हलवायला लावले आणि मग बोलले. नशिबाने कुणी खाल्लं नव्हतं. घाणेरीही तिथेच पडली होती. ती यकृताला बाधते आणि उन्हात कातडी सोलवटते.

देखभालीची गंमत वेगळीच. ओल मिळताच प्रत्येक खुंटाला झुपक्याने फुटवे आले. गाजर गवत उगवल्यापासून महिनाभरात फुलायला लागतं आणि एका झाडाला १५ ते २५ हजार बिया धरतात, तेव्हा ते फुलण्याआधीच उपटायला हवं. याचा माणूस उगवला तो बी पिकल्यावर, आणि ब्रश कटरने ते सगळीकडे उधळून गेला. फोन केला तर उत्तर, “निसर्ग आहे ताई, उगवणारच.” त्यानंतर फोन उचलणंच बंद.

आता नव्या माणसाशी लेखी ठरवलंय: मशीन कोणतं, खुंट जमिनीच्या खाली, तार आधी वेचायची, औषधाचं नाव आणि लेबलचा फोटो, कण्हेर वेगळी काढून त्याच दिवशी जागेबाहेर. मोजणी दोघांनी मिळून. आणि मोठा हप्ता पहिले फुटवे काढून झाल्यावर.

जुना अजून कामं घेतोच आहे. ओळखीतल्या एका घोडेवालीला त्याने नमुना म्हणून जे फोटो पाठवले, ते आमच्याच जागेचे निघाले, करपलेल्या तणाचे. तुम्हाला कुणी असे फोटो दाखवले तर त्याच जागेचे सहा महिन्यांनंतरचे मागा, आणि त्या मालकाशी स्वतः बोला.