कूलरचा स्विच खिडकीपाशी की दाराजवळ?

रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आटोपली की इंदुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, आणि खिडकीजवळ पॉइंटच नाही हे तेव्हा आठवतं. रामबाग, नारायणबागेतल्या जुन्या घरांत खोलीला बहुधा एकच बोर्ड, तोही दाराशी. ओल्या फरशीवरून एक्स्टेन्शनची वायर ओढणं हा पर्याय धरायचाच नाही. मग दोन उरतात: स्विच आणि सॉकेट दोन्ही खिडकीशेजारी, किंवा सॉकेट खिडकीशी आणि त्याचा स्विच दाराजवळच्या बोर्डावर.

दुसऱ्यात वायर जास्त लागते असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. जुन्या बोर्डापासून खिडकीपर्यंत दोन्हीकडे तीनच तारा जातात. पहिल्यात फेज, न्यूट्रल, अर्थ. दुसऱ्यात फेजच्या जागी स्विचमधून निघालेली हाफ वायर. तांब्याची १.५ चौरस मिमी वायर आणि २० मिमीचा पाइप दोन्हींना पुरतो. फरक पडतो तो प्लेटमध्ये. पहिल्यात खिडकीशी तीन मॉड्यूलची (म्हणजे तीन स्विचांच्या जागेची) प्लेट लागते, सॉकेटला दोन आणि स्विचला एक. दुसऱ्यात खिडकीशी दोन मॉड्यूलमध्ये भागतं, पण दाराच्या बोर्डात एक जागा रिकामी हवी. ती नसेल तर मेटल बॉक्स मोठा करा, भिंत फोडा, रंग लावा. खर्च वाढतो तो इथे.

सॉकेट ६ अँपिअरचंच घ्या. दोनशे वॅटचा कूलर २३० व्होल्टवर जेमतेम १ अँपिअर घेतो. पुढे त्याच जागी एसी लावायचा असेल, तर त्यासाठी मेन बोर्डापासून ४ चौरस मिमीची वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी (जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा स्विच) लागेल. आज १६ अँपिअरचं सॉकेट बसवून ते काम होत नाही.

आता खरा मुद्दा, पाण्याचा. स्विच खिडकीशी असेल तर खिडकीजवळच्या दमट भिंतीत फेज चोवीस तास, बाराही महिने जिवंत राहते, आणि ओल्या हाताने तोच स्विच दाबला जातो. स्विच दाराशी असेल तर तो बंद केल्यावर भिंतीतल्या तारेत फेज उरत नाही. उलट बाजूही आहे: टाकीत पाणी भरणाऱ्याला स्विच दिसत नाही, आणि दारातून आत येणारा कुणीही सवयीने तो चालू करतो. म्हणून या पर्यायात नियम एकच, पाणी भरण्याआधी प्लग काढायचा. पहिल्या पर्यायातही काढावा, पण तिथे स्विच निदान डोळ्यांसमोर असतो.

कामाला हात लावण्याआधी मेन बंद करा आणि इन्व्हर्टरही बंद करा. हे दुसरं विसरलं जातं. मेन पाडल्यावरही इन्व्हर्टरच्या लाइनवरचा बोर्ड जिवंतच असतो. दाराचा बोर्ड इन्व्हर्टरवर असेल तर तिथून फेज घेतल्यास वीज गेल्यावर कूलर बॅटरी ओढत बसेल. तसं नको असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही मेनच्या लाइनवरून आणा. फेज एका लाइनची आणि न्यूट्रल दुसरीचा, अशी सरमिसळ केली की कूलर चालू करताच आरसीसीबी (करंटची गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) पडतो आणि दोष बिचाऱ्या कूलरला दिला जातो.

जोडणी अशी: फेज स्विचच्या एका टर्मिनलला, दुसऱ्यातून हाफ वायर सॉकेटच्या ‘एल’ला. न्यूट्रल थेट ‘एन’ला, हिरवी तार वरच्या जाड भोकाच्या ‘ई’ला. समोरून पाहता फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. वायर साधारण १० मिमी सोला, तंतू पिळून दुमडा, स्क्रू कसून एकदा ओढून पाहा. ढिल्या स्क्रूखाली ठिणगी पडत राहते आणि सॉकेट वितळतं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे स्विच न्यूट्रलवर बसवणं. कूलर बंद होतो, पण पंपात आणि मोटरीत फेज पोचलेलीच असते. टेस्टरने ‘एल’ तपासा. स्विच बंद असताना दिवा लागता कामा नये. स्विच चालू करून मल्टिमीटर लावा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे २३०च्या आसपास, न्यूट्रल-अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थमध्ये काहीच येत नसेल तर अर्थिंग फक्त नावाला आहे. जुन्या लाकडी पट्टीच्या वायरिंगमध्ये हे हमखास निघतं. तिथे न्यूट्रलला अर्थ जोडून वेळ मारून नेऊ नका, नळाच्या पाइपालाही नको. मेन बोर्डापासून हिरवी तार ओढून घ्या. आणि दोन पिनांचा प्लग असेल तर तीन पिनांचा बसवा, नाहीतर पत्र्याच्या बॉडीला अर्थ मिळतच नाही.

पत्र्याचा, खिडकीबाहेर टांगलेला कूलर असेल तर स्विच दाराशी घ्यावा, वर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. चाकांवरचा प्लास्टिकचा कूलर खोलीत फिरवायचा असेल, किंवा दाराच्या बोर्डात जागा नसेल, तर शेजारचा स्विच सोयीचा. दोन्हीकडून चालू-बंद हवं असेल तर दोन टू-वे स्विच आणि मध्ये एक जादा तार लागते. एका कूलरसाठी तेवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही. सॉकेट मात्र कुठल्याही पर्यायात टाकीच्या पातळीपेक्षा वर आणि बाजूला बसवा, आणि कूलरच्या वायरीला प्लगच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळ तिथेच टपकेल, सॉकेटपर्यंत चढणार नाही. मेन बोर्डातलं काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या.