पेरिस्टाल्टिक पंपाची मोटर: सूत्रावर निवडायची की काट्यावर?

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात छोटे डोसिंग पंप (रोलरने नळी चेपत द्रव मोजून पुढे ढकलणारे पेरिस्टाल्टिक पंप) जुळवले जातात, आणि "याला किती किलोची मोटर लावू?" हा प्रश्न दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. आपल्याकडे बाजारात टॉर्क किलो-सेंटिमीटरमध्ये बोलला जातो, म्हणून किलोची मोटर. 1 किलो-सेंमी म्हणजे 0.098 न्यूटन-मीटर. उत्तर काढायचे दोन मार्ग आहेत: कागदावर सूत्र मांडायचं, नाहीतर रोटर हाताने ओढून काट्यावर मोजायचं.

आधी सूत्र. दाब गुणिले एका फेरीत बाहेर पडणारं पाणी, भागिले 2π. समजा नळीचा आतला व्यास 4.8 मिमी, भिंत 1.6 मिमी आणि रोलर फिरतात तो मार्ग 25 मिमी त्रिज्येचा. एका फेरीत साधारण 2.5 मिलि पाणी जातं. पुढे 1 बार दाब धरा, म्हणजे पाणी 10 मीटर उंच चढवायचंय. उत्तर येतं 0.04 न्यूटन-मीटर, जेमतेम 0.4 किलो-सेंमी.

या गणितात चूक काहीच नाही, पण ते फक्त पाणी ढकलण्याचं आहे. अशा छोट्या पंपात मोटरचा खरा जोर नळी चेपण्यात जातो. रोलर नळीवर चढतो तेव्हा ती पार मिटावी लागते, आणि रोलर पुढे गेल्यावर नळी फुगते तेव्हा दिलेला सगळा जोर परत मिळत नाही. रबर त्यातला काही उष्णता करून खाऊन टाकतं. याच मापाच्या पंपाचा रोटर मी ओढून पाहिला. सलग फिरवताना 5 किलो-सेंमी लागले, रोलर नळीवर चढतो त्या क्षणी 6. पंप रात्रभर तसाच ठेवून सकाळी पहिल्यांदा ओढला तेव्हा 8, कारण एकाच जागी दबून नळी तिथेच बसली होती. म्हणजे सूत्राच्या वीसपट.

मोजायला फार सामान लागत नाही. शाफ्टवर ॲल्युमिनियमची पट्टी घट्ट बसवा आणि शाफ्टच्या मध्यापासून बरोबर 10 सेंमीवर भोक पाडा. पंप आडवा ठेवून शाफ्ट आकाशाकडे करा, म्हणजे पट्टीचं स्वतःचं वजन मापात येणार नाही. भोकात स्प्रिंगचा काटा अडकवून पट्टीशी काटकोन राखत सावकाश पूर्ण फेरी ओढा. काट्यावर 600 ग्रॅम दिसले तर 6 किलो-सेंमी. बॅगा तोलायचा डिजिटल काटा इथे उपयोगाचा नाही. तो एका आकड्यावर थांबतो आणि मधले चढउतार दिसत नाहीत. आपल्याला हवा असतो सगळ्यात मोठा आकडा, सरासरी नव्हे. नळी नवी, पाण्याने भरलेली आणि प्रत्यक्ष वापरायची तीच हवी.

"तीच" यावर माझा जोर आहे, त्याला कारण घडलंय. ऐरोलीतल्या एका सोसायटीच्या टाकीत हायपोक्लोराइट (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं द्रावण) सोडायचा पंप होता. गाळ्यात सिलिकॉनच्या नळीवर मोजलं, 10 किलोची स्टेपर (ठरावीक छोट्या टप्प्यांनी फिरणारी मोटर) लावली, दुपारी चाचणी झाली. हायपोक्लोराइटला सिलिकॉन टिकत नाही म्हणून जागेवर सँटोप्रीनची नळी घातली. ती जरा कडक असते, आणि मी पुन्हा मोजलं नाही. सकाळी मोटर न फिरता जागच्या जागी घुमत राहिली. कंट्रोलर मात्र फेऱ्या मोजत होता, त्याच्या हिशेबी डोस पूर्ण गेला होता. टाकीच्या पाण्यात ओटीचे (क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकले तर ते पिवळं व्हायला हवं होतं. कपातलं पाणी स्वच्छ पांढरंच राहिलं. लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होता, ते दृश्य मी विसरलेलो नाही.

मग सूत्र टाकून द्यायचं का? नाही. पंप अजून बनायचा असेल तर काट्याने मोजणार काय? आणि दाब 3-4 बारवर गेला, नळी मोठ्या व्यासाची झाली, की पाण्याचा वाटाही मोठा होतो. तो सूत्रातून काढून मोजलेल्या आकड्यात मिळवावा. पण पंप हातात असेल तर माझा कौल काट्याला.

आता मोटर. मोजलेल्या कमाल आकड्याची दुप्पट धरायची. आपल्या उदाहरणात 16. स्टेपर घ्यायची तर नेमा 23 मधली 18.9 किलोची. नेमाचा आकडा मोटरच्या तोंडाचं माप सांगतो, ताकद नाही. आणि स्टेपरवर छापलेला टॉर्क थांबलेल्या मोटरचा असतो, वेग वाढला की तो घसरतो. गिअरबॉक्सवाल्या डीसी मोटरवर पुष्कळदा फक्त स्टॉल टॉर्क छापतात, मोटर अडून थांबते तेव्हाचा. सलग चालवायला त्याचा तिसरा-चौथा हिस्साच धरा, म्हणजे मोजलेल्या 8 साठी स्टॉल 30 किलोच्या आसपास हवा. वॅट बघून मोटर घेऊ नका. 8 किलो-सेंमी मिनिटाला 60 फेऱ्यांनी फिरवायला शाफ्टवर जेमतेम 5 वॅट लागतात, तेवढ्याची पंख्याची मोटरही मिळते.

डोस मिलिलिटरमध्ये मोजून द्यायचा असेल तर स्टेपर, पण रोटरवर चुंबक आणि तो जवळून गेला की ओळखणारा हॉल सेन्सर लावून फेरी खरंच झाली का ते तपासायचंच. नुसतं तासन्‌तास पाणी पुढे ढकलायचं असेल तर डीसी बरी: नळी अडली तर ती जास्त करंट ओढून, थोडी मंदावून पुढे सरकते, आणि वाढलेला करंट पाहून अलार्मही देता येतो. ब्रश झिजतात, ते बदलावे लागतात.

मोटर कुठलीही घ्या, आधी रोलर आणि मार्ग यांतली फट बघा. दोन भिंती मिळून 3.2 मिमी, तर फट 2.7 च्या आसपास पुरते. आमच्याकडे ती चुकून 2.4 झाली होती, तेव्हा फिरवायला 5 ऐवजी 7 किलो-सेंमी लागले. शिम (पातळ पत्री) घालून फट सुधारली आणि मोटर आहे तीच ठेवली.