नॉर्टनची ‘पासिंग’: शिक्षकाच्या टेबलावर हवी, विद्यार्थ्यांच्या दप्तरात नको

नागपुरात ‘पासिंग’ म्हटलं की आधी एमएच ३१ आठवतं, मग परीक्षा. त्यामुळे एम.ए. इंग्रजीच्या वर्गात अमेरिकी लेखिका नेला लार्सनची १९२९ची कादंबरी ‘पासिंग’ लावली की पहिली दहा मिनिटं शीर्षकातच जातात. इथं पासिंग म्हणजे काळ्या माणसानं गोरा म्हणून वावरणं. खरं तर मराठीत त्याला नेमका शब्द आहे, जात चोरणे. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’मुळे (१९६३) तो मुलांच्या ओळखीचाही असतो.

कार्ला कॅप्लान यांनी संपादित केलेली, नॉर्टन प्रकाशनाची क्रिटिकल आवृत्ती (२००७) पाचशेच्या वर पानांची आहे. त्यात कादंबरी जेमतेम शंभर पानांची. उरलेल्या पानांत तळटिपा, त्या काळातली परीक्षणं, वर्तमानपत्री मजकूर आणि समीक्षा. शिक्षकाला हा ऐवजच आहे. विद्यार्थ्याच्या हाती पडला तर तो आधी समीक्षा वाचतो, मग कादंबरीत तेवढंच शोधतो.

ऱ्हाइनलँडर खटल्याची कागदपत्रं हा या खंडाचा सर्वांत उपयोगी भाग. कादंबरीत क्लेअर गोरी म्हणून वावरते आणि तिच्या गोऱ्या नवऱ्याला, बेल्यूला, ते ठाऊक नसतं; तिची बालपणीची मैत्रीण आयरीन हिला हा खटला एका ओळीत आठवतो आणि वाचणारा तिथून सरळ पुढे जातो. न्यूयॉर्कमध्ये गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी नव्हती. म्हणून श्रीमंत घरच्या लिओनार्ड ऱ्हाइनलँडरनं लग्न रद्द करून घ्यायला ‘बायकोनं वंश लपवून फसवलं’ असा दावा लावला. कोर्टात त्याच्या बायकोला, अ‍ॅलिसला, ज्यूरीपुढे अंगावरचे कपडे उतरवून कातडीचा रंग दाखवावा लागला. डिसेंबर १९२५मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला. हे वाचून दाखवलं की बेल्यूला खरं कळलं तर पुढे काय, हा प्रश्न वर्गात आपोआप उभा राहतो.

मुलं अडखळतात ती पत्रांपाशी. तीन भाग, प्रत्येकी चार प्रकरणं. पहिल्याच प्रकरणात आयरीनला क्लेअरचं पत्र येतं आणि कथा दोन वर्षं मागे, शिकागोच्या ड्रेटन हॉटेलच्या गच्चीवर जाते. चौथ्या प्रकरणात आयरीन गाडीत एक पत्र फाडते, ते त्या वेळचं, वेगळं. दुसऱ्या भागात पुन्हा पहिल्या प्रकरणातलं पत्र हातात. या दोन पत्रांची कालरेषा फळ्यावर काढली नाही तर उत्तरपत्रिकांत हमखास गोंधळ होतो. दुसरी चूक याहून मोठी. निवेदन तृतीयपुरुषी असलं तरी नजर आयरीनचीच आहे. तिचा नवरा ब्रायन आणि क्लेअर यांचं प्रकरण हा तिचा संशय, पण गाइडं तो घडलेली गोष्ट म्हणून छापतात.

आवृत्ती कुठलीही घ्या, मागवण्याआधी शेवटचं पान उघडा. पहिल्या छपाईत ‘अपघाती मृत्यू’ म्हणणारा आणि पुन्हा खिडकी पाहायला निघणारा माणूस शेवटी येतो. तिसऱ्या छपाईत तो परिच्छेदच गेला, कादंबरी अंधारात संपते. अर्ध्या वर्गाकडे एक शेवट आणि अर्ध्याकडे दुसरा असला, तर शेवटी क्लेअर खिडकीतून पडली की तिला ढकललं, या चर्चेला अर्थच राहत नाही. दोन्ही शेवट एकाच कागदावर छापून दिले तर मात्र एक सबंध तास रंगतो.

बागुलांशी तुलना करावी, पण दुसऱ्या भागानंतर. आधी केली की सगळी कादंबरी जातीची होऊन बसते. फरक बारीक आहेत. नखं, तळवे, कानांचा आकार पाहून आपण काळी माणसं ओळखतो असं गोऱ्यांना वाटतं, आणि आयरीन ते हसण्यावारी नेते. आपल्याकडे कान कोण बघतो? ‘आडनाव काय? गाव कोणतं?’ एवढं पुरतं. क्लेअरला गरोदरपणात धास्ती असते ती मूल सावळं निपजण्याची. जात बाळाच्या चेहऱ्यावर उमटत नाही, सोयरिकीच्या वेळी बाहेर येते. या चर्चेत कुणालाही स्वतःचा अनुभव सांगायला लावू नये. एकाच बाकावर आडनावावरून ओळखला जाणारा आणि न ओळखला जाणारा असे दोघे शेजारी बसलेले असतात. बेल्यू बायकोला ज्या शिवीनं लाडानं हाक मारतो, तो उताराही मुलांकडून मोठ्यानं वाचून घेऊ नये. नॉर्टनच्या टिपा अमेरिकी विद्यार्थ्यासाठी लिहिलेल्या आहेत, त्यामुळे हे सगळं शिक्षकालाच जोडावं लागतं.

खरेदीचं सोपं आहे. नॉर्टनच्या दोन प्रती: एक शिक्षकाला, एक ग्रंथालयात संदर्भासाठी. लार्सन १९६४मध्ये वारल्या, त्यामुळे आपल्या कायद्याच्या ६० वर्षांच्या हिशेबानं १ जानेवारी २०२५पासून मूळ मजकूर भारतात मुक्त आहे. पाठपोट छापला तर पन्नासेक कागद लागतात, बर्डीवरच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे काम होतं. नॉर्टनची प्रस्तावना, टिपा आणि लेख मात्र त्या गठ्ठ्यात घालू नका, त्यांचे हक्क अजून राखीव आहेत.