घरी बांधलेलं ऑक्टाव्हिया आरएसचं इंजिन: आठ महिने, ६,२०० किलोमीटर

आधी निकाल सांगून टाकतो. इंजिन झकास चाललंय. निळा धूर गेला, ऑइल खाणं बंद झालं, तुळजापूरला जाताना पिकअप असा की अण्णांनी दोनदा दटावलं. पण बांधून झाल्यावर पहिले दोन महिने मी कपाळाला हात लावून बसलो होतो, आणि त्यात दोष माझाच.

गाडी जुनी, स्कोडाची. १७८१ सीसी, सिलिंडरला पाच-पाच व्हॉल्व्ह, टर्बो, कंपनीतून १५० हॉर्सपॉवर. आधीच्या मालकाने रीमॅप करून (इंजिनच्या कंप्युटरची सेटिंग बदलून) टर्बोचं प्रेशर वाढवलेलं. माझ्याकडे आली तेव्हा आठशे किलोमीटरला लिटरभर ऑइल पीत होती. सिलिंडरातला दाब बघायला कॉम्प्रेशन गेज लावला: चारपैकी तीन सिलिंडर ११ बारच्या आसपास, तिसऱ्या नंबरचा ७. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत बघितलं, ७ चे १० झाले. म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. व्हॉल्व्ह गळत असता तर ऑइलने काटा फारसा हलला नसता.

दिवाळीच्या सुट्टीत सोलापुरात होटगी रोडच्या घराखाली इंजिन उतरवलं. तिसऱ्याची रिंग बोअरमध्ये (सिलिंडरच्या नळीत) सरळ बसवून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, घातली तर रिंगेच्या टोकांमधला गॅप ०.९ मिमी. नव्या रिंगेला ०.२० ते ०.४० असतो, ०.८ ला रिंग बाद. बोअर मात्र ठीक, ८१ मिमीच्या मापात. ऑनलाइन रिंगा मागवल्या, तर आल्या ८१.५ च्या! बदलून येईपर्यंत तीन आठवडे गाडी विटांवर.

होनिंग (बोअर आतून घासणं) आणि हेडची फेसिंग (तळ सपाट करणं) अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका लेथवाल्या मामांकडे केली. एरवी ते लूमचे शाफ्ट करतात. हेड हातात देताना म्हणाले, "काचेवर ठेवून बघ, हललं तर पैसे देऊ नको." हललं नाही.

टॉर्क रेंचवर (बोल्ट मोजून आवळायच्या पान्यावर) कंजुषी करू नका. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ३० न्यूटन-मीटर आणि वर पाव फेरा. हे आणि हेडचे बोल्ट ताणले जातात, नवेच घ्या. टायमिंग बेल्ट चढवल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत जुळवल्या. या इंजिनात खूण चुकली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

पहिल्या सेल्फला सुरू झालं. आणि आयडलला थरथर, चेक लाइट, कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. मी घाईघाईने प्लग बदलले, कॉइल बदलल्या, एअरफ्लो सेन्सरही बदलला. फरक शून्य, खिसा रिकामा. शेवटी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे कंप्युटर नेहमीपेक्षा किती पेट्रोल वाढवतोय ते, नीट वाचला: आयडलला +१८ टक्के, २,५०० आरपीएमला +४. हे आधीच बघायला हवं होतं. आयडलला इंजिन थोडीच हवा ओढतं, म्हणून चोरून आत शिरलेली हवा तिथेच जास्त दिसते. आरपीएम वाढवला की ती किरकोळ होते.

हवा कुठून शिरते ते शोधायला बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात धूप पेटवला. झाकणाला दोन भोकं: एकात पायपंपाची नळी, दुसऱ्यातून एक नळी इनटेकच्या पाइपात, तोंड हातमोज्याने बंद. आई दारातून म्हणाली, "गाडीला धूप दाखवतोय काय रे?" दोन मिनिटांत इनटेक मॅनिफोल्डच्या खालून बारीक धूर निघाला. क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या पोटातल्या) वाफेची रबरी नळी खालच्या बाजूने, दिसणारच नाही अशी चिरलेली. जोडताना जुनी नळी मीच वाकवून परत बसवली होती. नवी घातली, ट्रिम +२ वर आला, थरथर गायब.

उन्हाळ्याचं मात्र सांगायलाच हवं. मे महिन्यात दुपारी सात रस्त्याला सिग्नलवर आत जाणारी हवा ६५ डिग्री दाखवायची. अशा वेळी ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) इग्निशन मागे खेचतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि गाडी मठ्ठ होते. डॅशवरचा पाण्याचा काटा ९० वरून हलत नाही, त्याच्यावर विसंबू नका. स्कॅनरवर तेव्हा १०४ होतं. बंपरच्या कोपऱ्यातला छोटा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) आपल्या उन्हाला पुरत नाही. समोर मोठा बसवायचाय, पण आधी क्रँकचं मागचं ऑइल सील बदलणार. तेही जुनंच ठेवलं होतं. सध्या गाडीखाली रोज पुठ्ठा असतो.