तामिया टीएस-३०: चांदी छान, पण घाई नको

१/२४ मापाच्या मॉडेल गाड्यांसाठी तामिया या जपानी कंपनीचा टीएस-३० 'सिल्व्हर लीफ' हा चंदेरी रंगाचा स्प्रे माझा आवडता. त्यातले चमकदार कण इतके बारीक की छोट्या बॉडीवरही चमक खऱ्या पत्र्यासारखी दिसते. जाड कणांच्या रंगाने तीच गाडी खेळण्यातली वाटायला लागते. डबा मी आधी कोमट पाण्यात ठेवते (उकळत्या नव्हे, बाबांनो!), म्हणजे फवारा बारीक पडतो. पहिले हात अगदी विरळ. एकदम ओला थर दिला की कण वाहतात, कडांना जमतात आणि दारांवर काळपट डाग उठतात. या थराला पॉलिश पेपर लावायचाच नाही, कण खरवडले जातात. घासायचं ते त्यावर मारलेल्या टीएस-१३ क्लिअरच्या पारदर्शक थराला, तेही पूर्ण वाळल्यावर. वास मात्र उग्र. खिडकी उघडी आणि मास्क हवाच.